घोंगड्याचे सुटे धागे

आमच्या भावकीत चार घरं आणि देवाचं घोंगडं एक. चंपाषष्ठीला ते एका घरातून दुसऱ्या घरात जातं. ज्या घरी घोंगडं, त्या घरी वर्षभर देवाचं बसणं, जागरण, आल्यागेल्याचं जेवण. मान असतो आणि कामही असतं. त्या वर्षी ते आमच्या घरून निघून थोरल्या जावेच्या घरी गेलं. काही महिने ती घोंगड्याबद्दल काही बोलली नाही. मग हळद शिजवायचे दिवस आले. शिजलेली हळद आम्ही बायका खळ्यावर पसरत होतो, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "धाकटे, घोंगडं बदलून आलंय."

मला आधी कळलंच नाही.

"बदलून म्हंजी?"

"म्हंजी हे ते न्हाई. हाताला हलकं लागतंय. वास बी न्हाई."

"वर्षभर माझ्या डोळ्यासमोर होतं, बाई. मी बदलीन काहून?"

"तू बदललं असं म्हणले का मी? घरात तू एकटीच हायस का?"

बाकीच्या बायका खाली मान घालून हळद पसरत राहिल्या. त्यांना सगळं ऐकायचं होतं, म्हणून त्या गप्प होत्या.

माझा मुलगा मेंढ्यांचा व्यापार करतो. गाडी घेऊन हैदराबादपर्यंत जातो. शहरात आता जुनी घोंगडी हॉटेलाच्या भिंतीला टांगायला घेतात, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण त्यानंच येऊन सांगितलं होतं. त्यामुळे जावेनं नाव घेतलं नाही तरी सगळ्यांना कळलं. यानं जुनं घोंगडं विकलं आणि मिलचं काळं घोंगडं देवासमोर ठेवलं, असं तिचं म्हणणं होतं.

भावकीचा नियम साधा आहे. देवाच्या वस्तूत ज्यानं हात घातला त्याचं घर पाळीतून बाद. मग त्या घरात घोंगडं पुन्हा येत नाही, आणि लग्नकार्यात त्या घराला कुणी पुढं बसवत नाही. आमचं घर पाळीत राहणार की नाही, हे येत्या चंपाषष्ठीच्या आत ठरायचं होतं.

मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "माय, तू बी?" आणि चप्पल घालून बाहेर गेला. हे काही उत्तर नव्हतं.

त्याची थोरली मुलगी, म्हणजे माझी नात, शेजारच्या जिल्ह्यात विद्यापीठात असते. शिक्षण झालं, आता संशोधन करते. सोयाबीनच्या भुसापासून पिशवीसारखा पातळ कागद बनवते, जो मातीत कुजून जातो. दुकानात पिशव्या मिळत असताना हे कशाला, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तिनं बरंच सांगितलं. मला पटलं नाही, पण ती महिन्याच्या महिन्याला स्वतःचं भागवते, म्हणून मी पुढं विचारलं नाही. होळीला ती घरी आली आणि बापाचं तोंड बघून तिनं मला बाजूला घेतलं.

"आजी, यात भांडायचं काय? आमच्याकडं मशीन हाय. धागा ठेवला की सांगतं, लोकर हाय का मिलचा नकली हाय."

"सांगतं म्हंजी बोलतं?"

"बोलत न्हाई. रेघ काढतं."

"मग रेघ कोण वाचतं?"

"मी वाचते."

"मग तू सांगतीस असं म्हण की. मशीन सांगतं काहून म्हणतीस?"

ती हसली. मी काही हसण्यासारखं बोलले नव्हते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता लिहिता येतं, आणि जे वाचता येतं ते कुणीतरी लिहिलेलं असतं एवढं मला कळतं. मशीन आपलं आपण लिहितं, हे काही मला उमगेना.

तिला घोंगड्याचे दोन-तीन धागे पाहिजे होते. इथं अडचण होती. देवाच्या घोंगड्याला लोखंड लावत नाहीत. कात्री नाही, विळा नाही, सुईसुद्धा नाही. फाटलं तर बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचं, बोटांनी धागा ओवायचा आणि गाठ मारायची. असं आमच्या सासूनं शिकवलं आणि आम्ही तसंच करत आलो.

मी जावेच्या घरी गेले. मशीनचं सांगितलं. ती कांदे निवडत होती.

"कात्री लावू देणार न्हाई मी," ती म्हणाली.

"कोण लावून राहिलं?"

"ओढून बी काढायचा न्हाई."

"मग कसा घ्यावा धागा?"

तिनं विचार केला. मग आत गेली, घोंगडं देवासमोरच्या पाटावरून उचललं आणि हळूच झटकलं. भंडाऱ्याबरोबर चार-पाच काळे धागे खाली पडले. ते तिनं स्वतः वेचले, चिंधीत बांधले आणि माझ्या हातात दिले.

"हे घे. आपल्या मनानं गळलेले हायत. आन् मशीन काय म्हणंल ते मला येऊन सांगायचं. चांगलं म्हणलं तरी, वाईट म्हणलं तरी."

"सांगते," मी म्हणाले.

नातीनं ओळखीचे धागेही आणायला सांगितले होते, म्हणजे ताडून बघता येतं. म्हणून आमच्या मेंढीच्या पाठीवरची थोडी लोकर घेतली आणि मुलाच्या काळ्या स्वेटरचा एक धागा घेतला. तो दुकानातला होता. नात म्हणाली, मी नेते, तू कशाला येतेस. मी गेलेच. दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकून मी जावेला काय सांगणार होते?

ती खोली सगळ्या विद्यापीठाची मिळून आहे. कुणी एकाची नाही. दारावर कोणाची पाळी कधी, ते लिहिलेलं. बाहेर बाकावर पोरं-पोरी आपापल्या छोट्या बाटल्या घेऊन बसलेली, गिरणीवर डबे लावून बसतात तशी. माझ्या शेजारच्या पोरीच्या बाटलीत चिखल होता. मी विचारलं, तर सिद्धेश्वरच्या धरणातला गाळ, म्हणाली. मी तिला विचारलं नाही की गाळात काय बघायचं असतं. मी स्वतः चिंधीत घोंगड्याचे धागे घेऊन बसले होते.

आत थंडी होती. मशीनला दमट हवा चालत नाही म्हणून. मला वाटलं होतं, मशीन मोठं असेल, आवाज करेल. शिलाई मशीनच्या पेटीएवढं पांढरं खोकं होतं, टेबलावर ठेवलेलं. मधे स्टीलची चकती आणि चकतीत एक ठिपका चमकत होता.

"हा हिरा," नात म्हणाली.

"खरा?"

"खरा."

"एवढासा?"

"एवढाच लागतो. खालून उजेड येतो, हिऱ्यातून वर जातो. वर ठेवलेली वस्तू थोडा उजेड पिते, बाकीचा परत जातो."

मी वाकून बघितलं. उजेड कुठं दिसला नाही. तो दिसत नाही, असं ती म्हणाली. उन्हात पाठ तापते, पण तापवणारं काही दिसत नाही, तसला तो उजेड. मग तिनं हिऱ्यावर काहीही न ठेवता मशीन चालू केलं.

"अगं, धागा तर ठेव."

"आधी रिकामं बघावं लागतं, आजी. खोलीतली हवा बी त्यात येते. ती आधी मोजायची आणि मग वजा करायची. तू जरा मागं हो. तुझा श्वास येतो त्यात."

मी श्वास धरून उभी राहिले. मशीन सांभाळणारे एक चष्मेवाले सर कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "आजी, श्वास घ्या. फक्त तोंड तिकडे करून घ्या." मी भिंतीकडे तोंड करून श्वास घेतला. दारातून बघणाऱ्या त्या बाटलीवाल्या पोरीनं हसू दाबायला तोंडावर हात धरला.

आधी मेंढीची लोकर ठेवली. वरून एक दांडी फिरवून दाबली. पडद्यावर रेघ आली. सपाट चालली, मग खाली गेली, वर आली, परत खाली गेली. शेजारी शेजारी दोन खड्डे. नात म्हणाली, "ही लोकर. केसात, नखात, लोकरीत हे दोन खड्डे असतातच." मग स्पिरिटनं हिरा पुसला आणि स्वेटरचा धागा ठेवला. त्याच्या रेघेत भलत्याच ठिकाणी, जिथं लोकरीची रेघ सपाट होती तिथं, एक बारीक खोल खड्डा पडला, सुई टोचल्यासारखा. "हा मिलच्या धाग्याचा," ती म्हणाली. एवढं मला समजलं. खड्डे मोजायला शाळा लागत नाही.

मग जावेच्या चिंधीतला धागा ठेवला. सुईचा खड्डा आला.

नातीनं हिरा पुसला, दुसरा धागा ठेवला. तोच खड्डा. तिसराही तसाच.

"काय झालं?" मी विचारलं.

"आजी, हे मिलचे हायत."

"मेंढीचं परत लाव."

तिनं परत लावलं. मेंढीचे दोन खड्डे जागच्या जागी आले. मशीन बराबर होतं. मेंढीला मेंढी म्हणत होतं, स्वेटरला स्वेटर म्हणत होतं. मग घोंगड्याबद्दल खोटं कशाला बोलेल? आणि खरं बोलत असेल तर मी वर्षभर कशासमोर दिवा लावला? मी तिथं उभी राहून दोन्ही बाजूंनी विचार केला आणि कुठूनच बाहेर पडता येईना.

येताना यष्टीत मी ठरवलं, जावेला सांगायचं नाही. मग घरी पोचायच्या आधीच वाट बदलून तिच्याकडे गेले आणि सांगितलं. मी सांगते म्हणाले होते.

"मिलचे निघाले."

मला वाटलं, ती चार शब्द ऐकवेल. ती खाली बसली. "आता गं?" असं मलाच विचारलं.

मुलाला कळलं तेव्हा तो माझ्यावरच चिडला.

"मशीनचं ऐकलंस. लेकाचं न्हाई ऐकलंस."

"तू काही बोललास कुठं, ऐकायला?"

"न्हाई विकलं मी."

"हे आधी काहून न्हाई म्हणालास?"

"आईला म्हणावं लागतं का?"

"लागतं," मी म्हणाले. तो परत बाहेर गेला. पण आता माझ्याजवळ दोन गोष्टी झाल्या होत्या. मुलगा म्हणतो, विकलं नाही. मशीन म्हणतं, मिलचं आहे. मुलगा खोटं बोलला तर मला कळतं. लहानपणापासून त्याचे कान लाल होतात. या वेळी झाले नव्हते. मशीनचे कान कुठं असतात ते मला माहीत नव्हतं. भाकरी थापताना, मेंढ्यांना पाणी दाखवताना माझं तेच चालायचं. सून म्हणाली, तुमचं चित्त कुठं आहे, भाकरी करपून राहिली. मी म्हणाले, करपू दे.

आठवडाभरानं नातीचा फोन आला.

"आजी, सरांनी विचारलं, धागे घोंगड्याच्या कुठल्या भागातले. मी म्हणले, आपोआप गळलेले. तर ते म्हणले, विणलेल्या कपड्यातून धागा आपोआप गळत न्हाई. गळतो तो वरून घातलेला. घोंगडं कधी दुरुस्त केलं होतं का?"

"कधी केलं न्हाई, ते विचार."

मी त्या घोंगड्याला किती वेळा ठिगळ-टाके घातले आहेत, जावेनंही घातले आहेत. सुई न लावता, काट्यानं आणि बोटानं घातलेले टाके. त्यांची टोकं सुटणारच, धागे गळणारच. आणि टाके घालायला धागा कुठला, तर जो हाताशी येईल तो. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी चिंधीत बांधताना दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही की हे घोंगडं नाही, हे टाके आहेत. कात्री लावली असती तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. पण कात्री लावायची नव्हती.

पण एवढ्यानं काम भागत नव्हतं. टाके मिलचे होते म्हणजे घोंगडं लोकरीचं, असं होत नाही. घोंगड्याचं अंगच मशीनवर ठेवायला पाहिजे होतं. नात म्हणाली, तोडायची गरज नाही, आख्खंच आण, कोपरा हिऱ्यावर टेकवू.

जावेला हे सांगणं सोपं नव्हतं.

"देव यष्टीत बसून विद्यापीठात जाणार?"

"देव न्हाई, बाई. घोंगडं."

"परत मिलचं निघालं तर?"

"तर माझं घर बाद. तुमच्या तोंडानं सांगा सगळ्यांना."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मी येते. माझ्या घरी हाय ते, माझ्या हातानं जाईल. तुझ्या हाती देणार न्हाई."

यष्टीत तिनं ते मांडीवर धरलं. कंडक्टर म्हणाला, "आजी, गाठोडं वर ठेवा की." ती म्हणाली, "वर ठेवायचं असतं तर तुला विचारत बसले असते का?" वसमत मागं पडेपर्यंत तिनं ते तसंच धरून ठेवलं. पुढं तिनं पिशवीतली सुपारी काढून मला दिली.

खोलीच्या दारात जावेनं चप्पल काढली, तोंड धुतलं का असं मला विचारलं, आणि आत जाऊन आधी मशीनला हात जोडले. सर उठून उभे राहिले. त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनीही हात जोडले.

मग एकेक अडचण निघाली. घोंगड्यात भंडारा होता, वर्षानुवर्षांचा. सर म्हणाले, "ही हळद हिऱ्यावर बसली तर रेघ हळदीचीच येईल. जरा झटकून घ्या." जाऊ म्हणाली, "देवाचा भंडारा तुमच्या फरशीवर झटकू? मग त्यावर कोण पाय देणार, तुमी?" शेवटी खालच्या बाजूचा एक कोपरा सापडला, जिथं भंडारा पोचला नव्हता.

मग तिनं मशीनची चकती बघितली.

"हे काय हाय?"

"स्टील," नात म्हणाली.

"लोखंडच की."

नातीनं कोरा कागद घेतला, त्याला मधे भोक पाडलं आणि चकतीवर ठेवला. भोकातून नुसता हिरा दिसत होता. "आता चालंल का मोठी आजी? लोखंडाला लागत न्हाई. हिऱ्यालाच लागतं."

जावेनं वाकून बघितलं. "हिरा चालतो," ती म्हणाली.

"पण वरून दाबायची दांडी बी स्टीलचीच हाय," नात म्हणाली.

"मग दांडी नको. मी दाबते."

नातीनं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "रेघ फिकी येईल. पण येईल. बेतानं दाबा."

तसं आधी रिकामं बघून झालं. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. मग जावेनं घोंगड्याचा कोपरा हिऱ्यावर धरला आणि वरून अंगठा टेकवला. नातीनं मशीन चालू केलं. जाऊ तोंड फिरवून, डोळे मिटून उभी होती, बाळाच्या टाळूवर तेल जिरवत असल्यासारखी. मला वाटलं, तिनं अंगठा हलवला तर काय होईल? मुद्दाम हलवला तर? पण तिनं हलवला नाही.

पडद्यावर रेघ आली, फिकी, थरथरत. नात तोंड उघडणार तेवढ्यात जाऊ म्हणाली, "तू नको सांगू पोरी. तू बापाची लेक हायस. सरांनी सांगावं."

सर पुढं आले. त्यांनी मेंढीची जुनी रेघ शेजारी लावली. दोन खड्डे इकडे, दोन खड्डे तिकडे. सुईचा खड्डा कुठंच नव्हता.

"लोकर आहे, आजी. घोंगडं लोकरीचं आहे."

मी निघायला दाराकडे वळले. जाऊ मात्र तिथंच उभी.

"दुसरं एखादं लोकरीचं घोंगडं ठेवलं असतं, तर काय दिसलं असतं?"

"असंच दिसलं असतं."

"आन् माझा केस ठेवला असता तर?"

"जवळजवळ असंच."

"म्हंजी मी बी मेंढीच," जाऊ म्हणाली. "मग हे तेच घोंगडं हाय का दुसरं, ते कोण सांगणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते या मशीनला सांगता येत नाही. कशाचं आहे तेवढं ते सांगतं."

"धाकटे, यासाठी आणलंस मला एवढ्या लांब?"

आम्ही एक गोष्ट विचारायला आलो होतो आणि मशीननं दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर दिलं होतं. दोन खेपा करून हे लक्षात आलं. नातीला हे आधीपासून माहीत होतं का, असं मी तिच्याकडे बघितलं. तिचंही तोंड उतरलं होतं. तिला बापासाठी घाई झाली होती, तिनंही विचार केला नव्हता.

मशीनचा वेळ अजून शिल्लक होता. नात म्हणाली, निदान मागच्या वेळी मिलचा खड्डा कशानं आला ते तरी बघून घेऊ. म्हणून टेबलावर कागद अंथरून घोंगडं उलटं पसरलं. त्या खोलीतला दिवा फार पांढरा आहे. आमच्या घरात देवासमोर जे काळंच दिसायचं, त्यात तिथं कितीतरी रंग दिसले. टाकेच टाके. काळे, तपकिरी, एक निळा. कुठला कोणाचा, कोण सांगणार? काठाजवळ एक टाका होता तो नातीनं बोटानं दाखवला. "हा बघ, हा तर हिरवा हाय."

जाऊ वाकली. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसऱ्यानं तिला नीट दिसत नाही. तिनं मान तिरकी केली, मग बघायचं सोडून बोट फिरवलं. गाठ चाचपली. परत चाचपली.

"हे माझं हाय," ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"हा टाका. नातवाचं स्वेटर उसवलं होतं, त्याचा धागा. मागच्या पाळीला घातला मी." तिनं गाठ नखानं उचलून दाखवली. जाऊ डावरी आहे. तिची गाठ उलटी बसते. आमच्या घरात पोत्यांची तोंडं बांधताना तिची गाठ कुणालाच सुटत नसे, तिलाच बोलवावं लागे.

नातीनं विचारलं, "हा बी बघू का मशीनवर?" जावेनंच ते टोक हिऱ्यावर धरलं. सुईचा खड्डा आला, खोल.

"मिलचा," सर म्हणाले.

"मला काय ठाऊक? दुकानदार लोकर म्हणून देतो, मी लोकर म्हणून घेते." एवढं बोलून ती घोंगड्याची घडी घालायला लागली. मी दुसरं टोक धरायला गेले, तर तिनं धरू दिलं.

मला वाटत होतं, आता आणखीच बिघडलं. देवाच्या घोंगड्यात मिलचा धागा आहे, तो जावेनं घातला आहे, आणि आमच्या बाजूनं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही. स्टँडवर आम्ही चहा घेतला. बशीत ओतून पिता पिता ती म्हणाली,

"घोंगडं तेच हाय."

"मशीन तर म्हणालं, ते सांगता येत न्हाई."

"मशीनला न्हाई येत. मागच्या पाळीला घातलेला टाका माझा. मग दोन घरं झाली, मग तुझं घर झालं, मग माझ्याकडं आलं. टाका हाय तिथंच हाय. तुझ्या लेकानं दुसरं घोंगडं आणलं असतं तर त्यावर माझी गाठ कोण मारून देणार होतं?"

मला हे समजायला चहा संपेपर्यंत वेळ लागला. ज्या धाग्यानं मुलगा चोर ठरत होता, तसल्याच धाग्यानं तो सुटत होता. मी दोनदा मनात उलटसुलट करून बघितलं. बराबर होतं.

"मग हलकं काहून लागलं तुमाला?"

"लागलं."

"आन् वास?"

"न्हाईच वास."

"मग?"

"मग काय? लागलं ते लागलं. तू चहा पी."

हे मी आजपर्यंत तिला परत विचारलेलं नाही. घोंगडं झिजून हलकं झालं असेल, नाहीतर तिचे हात बदलले असतील.

त्या रविवारी चारी घरची माणसं जावेच्या अंगणात बसली. तिनं उभं राहून सांगितलं, "विद्यापीठात हिऱ्यावर ठेवून बघितलं. लोकरीचं निघालं. घोंगडं तेच हाय. धाकटीचं घर पाळीत हाय तसंच राहील." सगळ्यांनी माना डोलावल्या. हिरा म्हटल्यावर कुणी पुढं विचारलं नाही. मी म्हणायला तोंड उघडलं की हिऱ्यानं तसं काही सांगितलं नाही, तेच आहे हे बाईंच्या गाठीवरून कळलं. जावेनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. गाठीचं सांगितलं असतं तर मिलच्या धाग्याचंही सांगावं लागलं असतं, आणि ते टाके काही तिच्या एकटीचे नव्हते.

मुलानं घरी येऊन जेवायला मागितलं. जेवताना म्हणाला, "म्हणलं नव्हतं का मी?" मी म्हणाले, "म्हणाला होतास. उशिरा म्हणालास." सुनेनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

नात पुढच्या सुट्टीला आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, आमचं घर पाळीत राहिलं ते कशानं, मशीननं की गाठीनं? ती म्हणाली, गाठीनं. पण मशीनसाठी गेलो नसतो तर गाठ कधी दिसली नसती, असंही म्हणाली. हेच मी जावेला विचारलं, तर ती म्हणाली, मशीननं, आणि हे परत कुणाला विचारत बसू नको. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, मी विकलंच नव्हतं, तर त्यात ठरवायचं काय होतं? तिघांचंही मला खरं वाटतं. तिन्ही एकत्र करायला गेले की मला काही कळेनासं होतं, मग मी उठून मेंढ्यांना पाणी दाखवायला जाते.